बाइंडिंगखान्यातला रेडिओ

बाइंडिंगखान्यात पुस्तक कधीच पहिल्या पानापासून सुरू होत नाही. पलीकडच्या छापखान्यातून मोठमोठे कागद येतात. एकेका कागदावर सोळा पानं, त्यातली काही सुलटी, काही डोक्यावर उभी. कागदाला तीन घड्या घातल्या की त्याचा फर्मा होतो, आणि असे फर्मे क्रमाने लावून शिवले की पुस्तक होतं. पण छापखाना छापतो तो आपल्या सोयीने. आज सातवा फर्मा येईल, उद्या दुसरा, आणि पहिला सगळ्यांत शेवटी, कारण प्रस्तावना लिहिणारे लोक शेवटच्या घटकेपर्यंत प्रस्तावनाच लिहीत बसलेले असतात. त्यामुळे या खोलीतल्या बायकांनी आयुष्यात एकही गोष्ट सरळ ऐकलेली नाही. आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही.

ऐकलेली म्हणायचं, वाचलेली नव्हे. वाचायची ती एकटी रेडिओ.

तिचं खरं नाव हजेरीपुरतं. एरवी मालकापासून रद्दी उचलायला येणाऱ्यापर्यंत सगळे तिला रेडिओच म्हणायचे. नाक्यावर किल्ल्या बनवणारा तिचा नवरासुद्धा कौतुकात असला की तेच म्हणायचा आणि वर पुस्ती जोडायचा, ‘‘खरा रेडिओ निदान बंद तरी करता येतो.’’

ती इथे आली तेव्हा मालकाने तिला आठवडाभराच्या बोलीवर ठेवलं होतं. काम आवडलं तर तुझं, मला आवडलं तर माझं, असं काहीतरी तो म्हणाला होता. घडी घालणाऱ्या बाईची बोटं म्हणजे गवयाचा गळा. आणि हिच्या उजव्या हाताची दोन बोटं लहानपणी दारात सापडून जी आखडली, ती कायमची. लांबच लांब टेबलाभोवती बायका बसलेल्या. हातातल्या लाकडी पट्टीने सर्र सर्र घड्या दाबतायत, प्रत्येकीसमोरचा गठ्ठा बघता बघता खाली जातोय, आणि हिचा गठ्ठा आपला जिथल्या तिथे. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, तशी हिला आणखी एक खोड. कागद हातात आला की ती तो वाचायला लागायची.

टेबलाच्या टोकाला बसून काम वाटून देणाऱ्या वयस्क बाईंना सगळ्या मोठ्याबाई म्हणत. त्यांनी तिसऱ्या दिवशी तिला पकडलंच.

‘‘काय गं, घड्या घालतेस की अभ्यास करतेस?’’

ती इतकी घाबरली की जे मनात होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. ‘‘बाई, यातला माणूस विहिरीत उतरलाय आणि कागद इथेच संपतोय.’’

‘‘कोण माणूस?’’ पलीकडून कोणीतरी विचारलं.

‘‘कुठली विहीर?’’ आणखी एकीने.

तिने वाचून दाखवलं. आवाज असा की कटिंग मशीनच्या घरघरीतूनही शेवटच्या खिडकीपर्यंत स्वच्छ जावा, आणि तरी ओरडल्यासारखा वाटू नये. वाचता वाचता तो माणूस विहिरीत उतरला, दोर सुटला आणि फर्मा संपला. मग संध्याकाळपर्यंत टेबलावर एकच वाद. वर येईल की नाही? एकीने त्याला वर काढला, दुसरीने पुन्हा आत ढकलला, कारण तो बायकोशी वाईट वागला होता असा तिचा संशय होता. त्या दिवशी टेबलाचं काम रोजच्याहून लवकर आटपलं.

दुसऱ्या दिवशी ती आली तर तिच्या जागेवर गठ्ठाच नव्हता. गेली नोकरी, असं वाटून ती पिशवी उचलायला वाकली, तर भिंतीशी एक स्टूल ठेवलेलं दिसलं आणि त्यावर त्या दिवसाचा पहिला घडी घातलेला फर्मा. छापखाना नेहमी थोडे कागद जास्तीचे पाठवतो, त्यातलाच तो. तिचा गठ्ठा बाकीच्यांनी आपापसात वाटून घेतला होता. मोठ्याबाईंनी फक्त हनुवटीने स्टुलाकडे बोट दाखवल्यासारखं केलं.

मालकाने हा प्रकार दारातून बघितला. आठवड्याच्या शेवटी टेबलाचं एकूण काम बघितलं, ते कमी झालं नव्हतं, थोडं वाढलंच होतं. ‘‘एक रेडिओ आणायचं मनात होतंच माझ्या,’’ तो म्हणाला. ‘‘हा बरा, विजेवाचून चालतो.’’

तिथून पुढे वर्षानुवर्षं ती वाचत राहिली. चंद्रावर वस्ती करणाऱ्यांच्या गोष्टी, चित्रकारांची आणि शिल्पकारांची चरित्रं, ऑफिसात माणसं एकमेकांवर का जळतात याची जाडजूड पुस्तकं. जे बांधायला येईल ते. पण तिच्या मनात त्या पहिल्या दिवसापासून एक काटा रुतून बसला होता. माझ्या वाटच्या घड्या या बायका घालतात आणि मी स्टुलावर बसून बोलते. रोज निघताना ती सगळ्यांना म्हणायची, ‘‘आज पण माझं ओझं तुमच्यावर पडलं.’’ त्या म्हणायच्या, ‘‘अगं, तू वाचतेस म्हणून तर हात चालतात.’’ हा त्यांचा चांगुलपणा आहे, असं ती समजायची. चांगल्या माणसांचं हे असंच असतं, खरं सांगितलं तरी ते मन राखण्यासाठी बोलतायत असं वाटतं.

चांगुलपणाचा संशय जिच्यावर कधीच घेता आला नसता, ती एकच बाई तिथे होती. खळवाली. टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, खळीची बादली आणि कुंचा घेऊन ती पुठ्ठ्यांवर कापड चिकटवायची. तोंडाने फटकळ, इतकी की मालकसुद्धा तिच्याशी बोलताना दारात उभा राहायचा, आत यायचा नाही. ‘‘काय ती दिवसभर कटकट,’’ ती म्हणायची. ‘‘माझ्या डोक्याची खळ झाली.’’ शेजारच्या खोलीत पुठ्ठ्यांसाठी हवी तेवढी जागा होती, पण तिथे जायचं नाव मात्र तिने कधी काढलं नाही.

एका वर्षी एका चित्रकाराचं चरित्र आलं. आयुष्यभर दोरीवर वाळत घातलेले कपडे रंगवणारा माणूस. का कोण जाणे, छापखान्याने ते शेवटच्या फर्म्यापासून छापायला घेतलं. आधी कळस मग पाया. त्यामुळे टेबलावरच्या बायकांना तो पहिल्यांदा भेटला तोच मरताना. भाड्याच्या खोलीत, एकटा, चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. सगळ्या हळहळल्या. मग पुढच्या आठवड्यात त्याचं म्हातारपण आलं, मग भावाशी झालेलं भांडण, मग लग्न. सगळ्यांत शेवटी तो लहान होऊन आला. कोळशाने फरशीवर चित्रं काढतोय आणि वडिलांचा मार खातोय. मरणाच्या वेळी नुसत्या हळहळलेल्या बायका आता पदराने डोळे पुसायला लागल्या. ‘‘इतक्यात रडू नको रे बाळा,’’ एक जण फर्म्याकडे बघत म्हणाली. ‘‘पुढे खूप सोसायचंय तुला.’’

आणि मग झाली ती चूक. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बाइंडिंगखान्यात ती झाली नसती. फर्मे जुळवायच्या दिवशी टेबलावर ओळीने गठ्ठे मांडतात आणि बायका फेरी मारत एकेक उचलत जातात. त्या दिवशी गठ्ठे मांडले गेले ते ऐकल्या क्रमाने. मरण आधी, जन्म शेवटी. कोणाला काही खटकलं नाही, कारण सगळ्यांच्या मनात त्या माणसाचं आयुष्य तसंच होतं. शिवून झालेला ढीग भिंतीला लागला तेव्हा मालकाने सहज एक प्रत उघडली.

‘‘अहो, हा माणूस जन्मायच्या आधीच मेलाय!’’

पानांखालच्या आकड्यांकडे बघायचं भान कोणालाच राहिलं नव्हतं. मालक लालबुंद. ‘‘उद्यापासून वाचन बंद. कोणाच्या डोक्याने लावलेत हे फर्मे?’’

रेडिओ उभी राहिली. ‘‘मालक, चूक माझी आहे.’’

तिच्या मागून बादली आपटल्याचा आवाज आला. ‘‘तोंड तेवढं तिचं होतं,’’ खळवाली म्हणाली. ‘‘कान आमचे होते आणि हातही आमचे. हातांची चूक तोंडावर कशाला ढकलता?’’

सुट्टीच्या दिवशी सगळ्या जणी घरून आल्या, टाके उसवले आणि त्या चित्रकाराला पुन्हा जन्मापासून सुरू केला. एक प्रत मालकाने तशीच उलटी ठेवून घेतली. पुढे कोणीतरी विचारलं तेव्हा ओशाळून म्हणाला, ‘‘वाचली मी. तशीच बरी वाटते.’’ वाचन बंद झालं नाही, पण जुळणीच्या दिवशी सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं असं ठरलं.

रेडिओने त्या दिवशी खळवालीचे आभार मानायचा प्रयत्न केला. खळवाली म्हणाली, ‘‘सरक, उजेड अडवतेस.’’

त्यानंतर बऱ्याच काळाने कामाच्या जागेच्या मानसशास्त्राचं एक पुस्तक आलं. लिहिणारा कोणी मोठा प्राध्यापक होता. त्यात एक प्रकरण होतं शाबासकीवर. काम करणाऱ्याला आठवड्यातून एकदा तरी नेमकं काय चांगलं केलं ते सांगावं, म्हणजे तो उमेदीने काम करतो. टेबलावर चर्चा झाली. हे मालकाला ऐकवायला हवं, असं बहुतेकींचं म्हणणं पडलं. मोठ्याबाईंनी वेगळाच मुद्दा काढला. ‘‘अगं, पण त्या बिचाऱ्या मालकाला कोण शाबासकी देतं?’’ झालं. शनिवारी सगळ्या मिळून त्याच्या खोलीत गेल्या. ‘‘मालक, या आठवड्यात तुम्ही खिडकीची फुटकी काच न सांगता बदललीत. चांगलं केलंत.’’ मालकाचा चेहरा पांढरा पडला. ‘‘काय पाहिजे तुम्हाला?’’ ‘‘काही नाही.’’ ‘‘खरं सांगा, काय पाहिजे?’’ तो दोन दिवस कोणाच्या नजरेला नजर देईना. पण पुढच्या शनिवारी काही काम नसताना दारापाशी घुटमळताना सगळ्यांनी त्याला बघितला.

त्याच पुस्तकात पुढे एक पान होतं, ते वाचताना मात्र रेडिओचा आवाज सपाट झाला. ज्या माणसाला आपण आपला वाटा उचलत नाही असं वाटतं, तो हळूहळू सोबतच्या माणसांपासून लांब सरकतो, असं प्राध्यापकाने लिहिलं होतं. उंटावरचा शहाणा, असं आदल्याच दिवशी सगळ्यांनी त्याला ठरवून टाकलं होतं. पण हे पान त्याने तिच्या घरात डोकावून लिहिलं असावं, असं तिला वाटलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात, वाचता वाचता, नळाचं पाणी जावं तसा तिचा आवाज गेला.

घसा गेले काही महिने बसतच होता. गरम पाणी, गुळण्या, लवंग असे उपाय तिने कोणाला न सांगता करून बघितले होते. आता लपवता येईना. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि सांगितलं, आवाजाच्या पडद्यावर लहानशी गाठ आहे. घाबरण्यासारखं काही नाही, पण काढावी लागेल. त्यानंतर महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

‘‘आणि मग आवाज येईल ना?’’ तिच्या नवऱ्याने विचारलं.

‘‘येईल बहुतेक. कसा आणि किती, ते आत्ता सांगता येणार नाही.’’

तिला तेवढंच ऐकू आलं. घरी जाताना ती मनाशी एकच हिशेब करत होती. आवाज गेला तर स्टूल गेलं, आणि स्टूल गेलं तर त्या टेबलाशी आपलं नातं काय? दोन आखडलेल्या बोटांची बाई. इतकी वर्षं ज्यांनी आपला वाटा ओढला, त्यांच्यापुढे आता कुठल्या तोंडाने बसायचं? नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणायचीसुद्धा सोय नव्हती, अंगण चांगलं सरळ होतं.

गाठ निघाली. घरात शांतता आली. नवरा पहिल्या दिवशी म्हणाला, ‘‘मला वाटलं मीच बहिरा झालो.’’ मग त्या शांततेत तोच बोलायला लागला. कुठल्या गिऱ्हाइकाने आतून कडी लावलेल्या दाराची किल्ली मागितली, कुठलं जुनं कुलूप उघडायला त्याला दुपार लागली. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्याला पहिल्यांदाच असं सलग ऐकत होती. माणूस गमतीदार बोलतो हे तिला माहीतच नव्हतं. माहीत कसं असणार, त्याला मध्ये शिरायला फटच कधी मिळाली नव्हती.

थोडे दिवस गेल्यावर तिने एका कागदाच्या चिठोऱ्यावर त्याला लिहून दाखवलं, काम सोडते.

त्याने ते वाचलं, डोकं खाजवलं. ‘‘कुलूप बिघडलं म्हणून कोणी दार उखडून टाकत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘उद्या जा आणि घड्या घाल. नाही जमलं तर मग बघू. पण तोंड लपवून घरी बसायचं नाही.’’

ती गेली. मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प, गळ्याला रुमाल. सगळ्या उठून भोवती आल्या, कोणी पाठीवरून हात फिरवला, कोणी पाणी दिलं. मोठ्याबाईंनी तिच्या वाटचा गठ्ठा नेहमीसारखा वाटायला घेतला, तर तिने दोन्ही हातांनी तो धरून ठेवला आणि जोरजोरात मान हलवली. माझा गठ्ठा मीच करणार. मोठ्याबाईंनी तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि गठ्ठा सोडला.

घड्या वाकड्या पडत होत्या. पट्टी निसटत होती. पण त्याहून वाईट म्हणजे खोलीला काहीतरी झालं होतं. नुसती कागदाची खसखस आणि मशीनची घरघर. ती नसतानाच्या दिवसांत काम मागे पडलं होतं, आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून दोन चांगल्या मैत्रिणींत अबोला झाला होता. ही मान खाली घालून घड्या घालत राहिली. आपल्यामुळे सगळ्यांचं बिघडलं, असं वाटून तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हाच ते नवं पुस्तक आलं. चौथ्या फर्म्यापासून.

पहिली घडी पडली आणि फर्मा टेबलावर तसाच राहिला. कोणी त्याच्याकडे बघेना. मग दुसऱ्या टोकाला हालचाल झाली. खळवालीने कुंचा बादलीत टाकला, हात फडक्याला पुसले, येऊन फर्मा उचलला आणि सरळ स्टुलावर बसली.

‘‘तुला वाचता येतं?’’ एकीच्या तोंडून निघून गेलं.

‘‘चौथीपर्यंतचं येतं,’’ खळवाली म्हणाली. ‘‘त्याच्या पुढचं आलं तर गाळीन.’’

आणि ती वाचायला लागली. ओळीवर बोट, एकेक शब्द दगड उचलल्यासारखा. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, कशाचा पत्ता नाही. एक वाक्य संपायच्या आत दुसऱ्यात शिरत होती. रेडिओच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर ज्या बाईने दुसऱ्यांना वाचून दाखवलं, तिने हे ऐकायचं, आणि तेही तोंडातून चकार शब्द न काढता! तिला राहवेना. चूक झाली की ती हातातली पट्टी टेबलावर ठोकायची. ठक. पुन्हा ठक.

खळवालीने मान वर केली. ‘‘ठोक, ठोक. हवं तेवढं ठोक. मी उठणार नाही.’’

सगळ्या हसल्या. अबोला धरलेल्या दोघीसुद्धा, एकमेकींकडे बघून.

पुस्तकातली गोष्ट एका शहराची होती. कुठल्या काळातलं आणि कुठल्या ग्रहावरचं, ते पहिल्या फर्म्यात असेल, तो अजून यायचा होता. त्या शहरात अर्धी माणसं एक वर्ष झोपायची आणि उरलेली अर्धी जागी राहायची. जागी माणसं झोपलेल्यांची दुकानं चालवायची, त्यांच्या झाडांना पाणी घालायची, त्यांच्या घड्याळांना किल्ली द्यायची. वर्षाने पाळी बदलायची. एक नवरा एका अर्ध्यात आणि त्याची बायको दुसऱ्या अर्ध्यात. पाळी बदलायच्या एकाच दिवशी त्यांची गाठ पडायची.

‘‘एक वर्ष झोप!’’ कोणीतरी उसासा टाकला. ‘‘मला द्या. नवरा नंतर बघू.’’

रेडिओच्या पट्टीचे ठोके कधी थांबले, ते तिचं तिलाच कळलं नाही. तो नवरा झोपलेल्या बायकोच्या भांड्यांना कल्हई करत बसला होता आणि तिला पुढचं हवं होतं. खळवाली एका लांब शब्दाशी अडली की हिचा जीव टांगणीला लागायचा. तेवढ्यात ते वाक्य आलं. खळवालीने ते तोडून तोडून, मधेच नाक ओढून वाचलं. त्या शहरात झोपलेल्याचं काम केल्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नसे, कारण जागणाऱ्याला जागायला आवडत असे.

रेडिओने खाली बघितलं. तिचे हात चालत होते. आखडलेली बोटं बाजूला ठेवून तळहाताने कागद दाबायची तऱ्हा त्यांची त्यांनीच शोधून काढली होती. गठ्ठा अर्ध्याहून खाली गेला होता. घड्या काही फार सुबक नव्हत्या, पण पडत होत्या, आणि तिला त्या घालाव्या लागतायत असं एकदाही वाटलं नव्हतं. कान गोष्टीत असले की हातांना कोणी हाकावं लागत नाही. म्हणजे या बायका इतकी वर्षं खरंच बोलत होत्या. मन राखत नव्हत्या. तिच्यावर उपकाराचं ओझं कधी नव्हतंच, तिने ते उगीच डोक्यावर घेतलं होतं.

तिला रडू आलं. या टेबलाबद्दल तिला इतकी माया दाटून आली की काय करावं ते कळेना. उठून प्रत्येकीच्या गळ्यात पडावं असं वाटलं. नवऱ्याने हाकललं नसतं तर आपण घरी कुढत बसलो असतो, हेही आठवलं. त्या मेल्या गाठीचेसुद्धा उपकार, असं तिच्या मनात येऊन गेलं. बोलता येत नव्हतं तेच बरं, नाहीतर तिने काहीतरी लांबलचक भाषण केलं असतं आणि सगळ्या गोष्टीचा विचका झाला असता. तिने रुमालाने डोळे पुसले आणि पुढचा कागद ओढला.

त्यापुढच्या दिवसांत ती ऐकत गेली आणि ऐकता ऐकता तिला आणखीही एक गोष्ट दिसली. खळवाली वाचत होती तेवढा वेळ तिचे पुठ्ठे तसेच पडून राहत होते. खळीचं काम तिच्यासारखं दुसऱ्या कोणाला येत नसे, आणि मी करू का म्हणून तिला विचारायची कोणाची छाती नव्हती. मग खळवाली सगळ्यांच्या आधी येऊन आणि सगळ्यांच्या नंतर जाऊन ते उरकायची. एका शब्दाने कोणाला बोलली नव्हती. जेवायच्या सुट्टीत सगळ्या डबे उघडून बसायच्या आणि ही एका हाताने घास घेत दुसऱ्या हाताने कुंचा मारायची.

महिना सरला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, ‘‘बोला काहीतरी.’’ तिने नवऱ्याला हाक मारली, ‘‘अहो.’’ आवाज आला. खालचा, खरखरीत, दुसऱ्याच कोणाचा वाटावा असा, पण आला. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. ‘‘वाचता येईल,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘बेताने सुरू करा, वाढवत न्या. आधीसारखा होईल की नाही ते माहीत नाही, पण हा टिकेल.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाइंडिंगखान्यात आली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचलेली होती. आज रेडिओ लागणार. मालकही दारात येऊन उभा राहिला होता. कादंबरीचा शेवटचा फर्मा आदल्या संध्याकाळी आला होता, पाळी बदलायच्या दिवसाचा. खळवाली तो घेऊन स्टुलावर बसली होती. रेडिओला बघताच ती उठली.

‘‘घे बाई, सांभाळ तुझी गादी,’’ ती म्हणाली आणि फर्मा पुढे केला. तिने तो नीट दोन्ही हातांनी धरला होता, ओल्या खळीचे डाग पडू नयेत म्हणून बोटांच्या टोकांनी. आवाज नेहमीसारखाच फटकळ होता. पण फर्मा देताना हात जरा सावकाश सुटत होते, आणि हे इतक्या माणसांत एकट्या रेडिओला दिसलं. स्वतःच्या हातून तो सुटताना कसं वाटतं, हे तिला एकटीलाच माहीत होतं.

रेडिओने फर्मा घेतला. उलटसुलट बघितला. मग तिने खळवालीच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुन्हा स्टुलावर बसवली आणि फर्मा तिच्या मांडीवर ठेवला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली, बादलीसमोर बसली आणि कुंचा उचलला. कुंचा धरायला ती दोन बोटं लागतच नव्हती.

‘‘तू वाच,’’ ती म्हणाली. महिन्याभरात त्या खोलीने ऐकलेले तिचे हे पहिले शब्द. ‘‘तुझे पुठ्ठे मी करते.’’

‘‘तुला येतं का ते?’’ खळवालीने विचारलं.

‘‘चुकलं तर ठोक.’’

खळवालीने तोंड उघडलं. काहीतरी लागेलसं बोलणार, असं सगळ्यांनाच वाटलं. ती फर्म्याकडे बघत राहिली, मग बोट पहिल्या ओळीवर ठेवलं, मग उचललं.

‘‘बरं झालं गं, आलीस,’’ ती म्हणाली, आणि कोणी तिच्याकडे बघायच्या आत मोठमोठ्याने वाचायला लागली.